गाडी निघाली आहे

मागच्या उन्हाळ्यात आमच्या खात्याने आम्हाला जळगावला बोलावून एकाग्रता शिकवली. मे महिन्यात जळगावात डोकं ताळ्यावर ठेवणं हीच मुळात मोठी एकाग्रता. तरी पुण्याहून आलेला एक गृहस्थ कोट घालून उभा होता आणि पडद्यावर चित्रं दाखवत होता. माणसाचं मन म्हणजे माकड, असं त्याने सांगितलं आणि पडद्यावर माकड आलं. पुढच्या रांगेतल्या साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग त्याने आम्हाला डोळे मिटायला लावले आणि आज दिवसभरात आपलं लक्ष कुठे कुठे भरकटलं ते आठवा म्हणाला. सगळ्यांनी डोळे मिटले, निम्मे झोपले, आणि तेवढ्यात त्याच्याच कोटाच्या खिशातला फोन वाजला. "सॉरी, अर्जंट आहे," म्हणत तो बाहेर गेला आणि चहाची वेळ होईपर्यंत आला नाही.

"नानांनी ह्याला फलाटावरच ठेवला असता," मी शेजारच्याला म्हणालो. त्याला काही कळलं नाही. त्याचा दोष नाही, त्याने सुपडूनाना पाहिलेले नव्हते.

सुपडूनाना एसटीत कंट्रोलर होते. धुळ्याच्या स्टँडवर खिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या आणि रिटायर झाल्यावर शहरातल्याच देवपुरात स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली. अभ्यासिका म्हणजे काय ते आता खानदेशात कोणाला सांगावं लागत नाही. प्लायवुडचे खण, खणात खुर्ची, खुर्चीत पोरगं, पोराच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये अभ्यासात मन कसं लावावं याचा व्हिडिओ. देवपुरात अशा अभ्यासिका चहाच्या टपऱ्यांहून जास्त असतील. स्पर्धा परीक्षांच्या नादात मीही चाळीसगावहून येऊन नानांच्या अभ्यासिकेत दोनेक वर्षं बसलो.

नाना वरून फणस आणि आतून गोड होते, असलं काही मी लिहिणार नाही. वरून काटे होते आणि आतही बहुतेक आठळ्याच होत्या. उंच, वाळलेले, खाकी पँट रिटायर झाल्यावरही न सोडलेले. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलणं नाकातून, स्टँडवरच्या माईकवर बोलून बोलून आवाजच तसा झाला होता. घरातही ते बायकोला चहा मागायचे तेव्हा आता फलाट क्रमांक सांगतील असं वाटायचं.

पोरांना ते नावाने हाक मारत नसत. नाव लक्षात ठेवण्याइतकं कोणी काही केलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडीला जशी गावाची पाटी, तशी पोराला. मी चाळीसगाव. पारोळ्याहून दोघं होते, तर एक पारोळा आणि दुसरा पारोळा जादा. रिझवान धुळ्याचाच, मोगलाई भागातल्या एका गॅरेजवाल्याचा मुलगा, म्हणून तो लोकल. आणि अमळनेरजवळच्या खेड्यातली मनीषा, तिला अमळनेर.

अभ्यासिकेत शिरताना फोन नानांच्या खिडकीत द्यावा लागे. स्टँडवर होती तशीच खिडकी त्यांनी दाराशी माईकसकट करून घेतली होती. डेपोच्या भंगारातून आणलेलं एक खणांचं कपाट होतं, त्यात फोन जायचा, तो संध्याकाळीच परत. पारोळ्याने पहिल्याच दिवशी हरकत घेतली. म्हणाला, "नाना, माझा माझ्यावर ताबा आहे." नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने बिनातिकीट बसून वर खिडकीची जागा मागितली.

"तुन्हं मन म्हंजे विनंती थांबा शे रे भो," ते म्हणाले. "जो हात दाखाडस, त्यानाकरता थांबी जास. डोस्क्यावर पाटीच लाव, हात दाखवा गाडी थांबवा. फोन दे इकडे."

पारोळ्याने फोन दिला. हा पारोळा मोठा गुणी होता. त्याने अभ्यासाचं वेळापत्रक केलं होतं, चार रंगांच्या शायांत, पट्टीने रेघा मारून. त्यात पहाटेचं ध्यान होतं, आत्मचिंतन होतं, उजळणी होती, उजळणीची उजळणी होती. ते करायला त्याला आठवडा लागला. त्या आठवड्यात त्याने पुस्तक उघडलं नाही, कारण वेळापत्रक तयार नव्हतं. नानांनी ते वेळापत्रक लांब धरून वाचलं, छान झालंय म्हणाले, आणि संडासाच्या दाराला आतून चिकटवलं. "वेळापत्रक भिंतीवर लावायला असतं," ते म्हणाले. "स्टँडवर मी रोज पाहायचो. वेळापत्रकाने गाडी कधी हलली नाही. ड्रायव्हर चढला तर हलते." नंतर पारोळा बरेच दिवस संडासात जास्त वेळ बसायचा, तेवढाच त्याच्या आत्मचिंतनाचा तास पार पडायचा.

मात्र आत्मचिंतन नानाही करून घेत, त्यांच्या पद्धतीने. संध्याकाळी निघताना खिडकीपाशी रांग लागायची. फोन परत हवा तर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, "आज गाडी कुठे थांबली?" म्हणजे लक्ष कुठे गेलं, कशाने गेलं. एका वाक्यात. खोटं बोललेलं त्यांना लगेच कळायचं, कारण दिवसभर ते खिडकीतून आमच्या पाठी बघत असायचे आणि माणसाची पाठ खोटं बोलत नाही असं ते म्हणत. रिझवान एकदा म्हणाला, "नाना, आज कुठेच नाही थांबली." नाना म्हणाले, "लोकल, दुपारपासून तू एकच पान बघतोयस. पान पाठ झालं असेल तर म्हणून दाखव." रिझवान खाली बघून म्हणाला, "वहिनीशी सकाळी भांडलो, नाना. दिवसभर तेच डोक्यात." नानांनी लगेच फोन दिला. "ठीक. थांब्याचं नाव तरी माहीत झालं. जा, भांडण मिटव आणि मग ये."

मला हा प्रश्न आवडत नसे. खरं उत्तर बहुतेक वेळा इतकं फालतू असायचं की सांगताना लाज वाटायची. समोरच्या गच्चीवरचे पापड. कावळा. दहावीतला कोणी एक जण, तो आता कुठे नोकरीला असेल. त्या पुण्याच्या कोटवाल्याने डोळे मिटून जे आठवायला सांगितलं, ते आम्ही उघड्या डोळ्यांनी, रांगेत उभं राहून, मागच्यांचं हसू ऐकत रोज सांगितलेलं आहे.

आता कपाटातले फोन वाजायचे. आधी नाना वाजू देत असत. पण खिडकीवर प्रश्न आला आणि उत्तर मिळालं नाही, असं त्यांच्या नोकरीत कधी झालेलं नव्हतं. वाजणारा फोन त्यांना बघवेना. एक दिवस त्यांनी एक उचलला. "चौकशी!" म्हणाले. आणि तेव्हापासून सगळ्यांचेच उचलू लागले. कर्ज घेता का विचारणाऱ्या बाईकडे त्यांनी तिच्या पगाराची चौकशी केली. पारोळ्याच्या मित्रांना ते सांगत, "तो नापास होतोय, नंतर करा." आयांना डब्यात काय दिलं ते विचारत. आम्हा सगळ्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून हा एक माणूस दिवसभर विचलित होत बसायचा, आणि त्याची त्याला मनापासून हौस होती. दुपारच्या सुट्टीत माईकवरून सगळे निरोप जाहीर व्हायचे. "साक्री, तुझी मावशी उद्या येतेय. पारोळा जादा, तुझी ती कोण, तिने सांगितलंय फोन करू नको." पारोळा जादाने त्या दिवशी जेवण केलं नाही.

एसटीतले किस्से नाना सांगत, त्यातला एक त्यांच्या फार आवडीचा होता. उशीर झालेल्या गाडीबद्दल लोक खिडकीवर येऊन विचारतात, साहेब, गाडी कधी? गाडी अजून पलीकडच्या डेपोत टायर बदलत असते. नाना म्हणत, "सांगायचं, निघाली आहे, येतेच आहे. खरं कधी सांगू नये. खरं सांगितलं की माणूस उठतो, भांडतो, जीप शोधतो. निघाली म्हटलं की बसून राहतो. मीच त्याची सोय केली ना?" हे सांगताना त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा होई. आम्ही हसायचो. एसटीच्या स्टँडवर जन्म काढलेल्या खानदेशी माणसाला यात वावगं काही वाटत नाही; आम्हाला सगळ्यांनाच कोणी ना कोणी निघाली आहे असं सांगून वाढवलेलं आहे.

मनीषाचा नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. चार वर्षांचा मुलगा, गोलू, गावी सासूजवळ. मनीषा देवपुरात परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची आणि शनिवारी गावी जायची. क्लार्कच्या परीक्षेचा हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, बजावून ठेवलं होतं की या खेपेला नाही झालं तर पुस्तकं रद्दीत आणि सूनबाई शेतात. आक्कांच्या लेखी अभ्यास म्हणजे दिवसाढवळ्या खुर्चीवर बसून काढलेली झोप. त्यामुळे त्या फोन करत. विळा कुठे आहे, जिरं संपलं का, गोलू जेवत नाही, मांजर दूध प्यायली. नाना उचलायला लागण्याआधी कपाटात फोन वाजला की मनीषा अस्वस्थ होऊन उठायची, पुस्तकावर परत बसेपर्यंत तिचा तास जायचा.

नानांनी आक्कांचा पहिला फोन उचलला तेव्हा मी खिडकीपाशी होतो. नाना फोन कानापासून लांब धरत, म्हणून दोन्हीकडचं ऐकू यायचं.

"मनीषा कोठे शे? तिले इचार, मीठ कोठे ठेयेल शे."

"माय, मीठ चूल्हापासे आसंस. जल्मभर संसार करा तू, तुले मीठ सापडस नही का?"

"तू कोन शे मधमा बोलनारा?"

"मी कंट्रोलर शे."

"कशाना कंट्रोलर? आठे कंट्रोलर मी शे!" आणि फोन आपटला.

मग ते रोजचंच झालं. आक्का फोन करत, नाना उचलत, दोघं एकमेकांची उणीदुणी काढत. मीठ हा दोघांचा कायमचा विषय झाला. दुपारी मनीषा पाणी प्यायला उठली की विचारायची, "नाना, घरून काही?" नाना म्हणायचे, "मीठ सापडत नव्हतं. सांगितलं." ती हसायची आणि परत जाऊन बसायची. महिना-दोन महिन्यांत तिची पाठ बदलली. सरळ झाली. संध्याकाळच्या रांगेत तिचं उत्तर लहान होत गेलं. पुढे पुढे आक्का सुनेला न विचारता नानांनाच फोन करू लागल्या. सुरतेची गाडी किती वाजता, लेकाला पापड पाठवायचे आहेत. नाना खेकसत खेकसत सगळं नीट सांगत. दोघांनाही आयुष्यात तोडीस तोड माणूस उशिरा भेटला होता.

परीक्षेचा रविवार आला. केंद्र देवपुरातल्याच एका शाळेत होतं. सगळे सकाळीच अभ्यासिकेत जमले, शेवटची उजळणी करायला. माझी परीक्षा नव्हती. फॉर्मवरच्या फोटोत माझे कान दिसत नाहीत या कारणाने तो बाद झाला होता. क्लार्कला कान कशाला लागतात ते साहेबाच्या हाताखाली बसल्यावर कळलं, पण ते असो. मी नुसताच खिडकीपाशी बसलो होतो. मनीषाचा फोन वाजला. नानांनी उचलला, "चौकशी!" म्हणाले, आणि मग काही बोललेच नाहीत. त्या दिवशी फोन कानाला चिकटलेला होता, म्हणून मला काही ऐकू आलं नाही. नाना फक्त ऐकत होते, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांनी फोन खणात ठेवला. तेवढ्यात मनीषा बाटली घेऊन आली. परीक्षेच्या दिवशी माणसाचा चेहरा कसा असतो, तसा तिचा होता, धुतलेला आणि थोडा घाबरलेला. "नाना, घरून काही?"

"मीठ सापडत नव्हतं," नाना म्हणाले. "सांगितलं."

"पेपरच्या दिवशी पण मीठच!" ती हसली आणि आत गेली.

नाना उठले. "चाळीसगाव, खिडकीवर बस. कोणी विचारलं तर डेपोत गेलो." आणि खाली उतरले. मी रस्त्याकडच्या खिडकीतून पाहिलं. समोरच्या थांब्यावर न थांबता नाना रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि अमळनेरकडे निघालेल्या गाडीला हात दाखवत होते. हात दाखवून गाडी थांबवणाऱ्यांची हयातभर टवाळी केलेला हा माणूस. गाडी थांबली.

संध्याकाळी मनीषा पेपर देऊन फोन घ्यायला आली तेव्हा नाना परत आलेले होते, खिडकीत होते, अंगावर धूळ होती. तिने प्रश्नाची वाटही पाहिली नाही. "नाना, आज गाडी कुठ्ठेच थांबली नाही," ती म्हणाली. "विनाथांबा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

नाना म्हणाले, "गोलू ओट्यावरून पडला. हात मोडलाय. अमळनेरला नेऊन प्लास्टर केलं. आता बरा आहे. मी होतो तिथे."

"कधी?"

"सकाळी."

"सकाळी मी इथे होते."

नाना कपाटाकडे बघत राहिले.

"तुम्ही मला मीठ सांगितलं, नाना."

मग नाना बोलले, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती उठली असती. पेपर गेला असता. पुढच्या वर्षी तिला कोणी येऊ दिलं नसतं. ती जाऊन काय हाड जोडणार होती, ते डॉक्टरने जोडलं. आम्ही उभे होतो ते सगळे मनातल्या मनात मान डोलावत होतो. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय असला की आपली अक्कल कशी लख्ख चालते.

मनीषाने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "मी पेपर सोडून गेले असते, की डोळे पुसून पेपर दिला असता, मला माहीत नाही," ती म्हणाली. "आता ते मला कधीच कळणार नाही. थांबायचं की नाही ते माझं मी ठरवायचं होतं, नाना. गाडी माझी होती." खणातून तिने स्वतःचा फोन स्वतः काढून घेतला. जिन्यापर्यंत जाऊन वळली. "आणि माझं नाव अमळनेर नाही. मनीषा आहे."

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित कधीतरी मिटलं असतं. पण तिकडे गावात नानांनी आणखी एक करून ठेवलं होतं. ते मला फार नंतर मनीषानेच सांगितलं. धुळ्याच्या ऑफिसात कामानिमित्त जातो तेव्हा ती भेटते. प्लास्टर करून पोराला घरी आणलं तेव्हा तो सारखा एकच विचारत होता, माय कव्हय येई. आक्कांनी नानांना विचारलं, तिले सांगं का तू? आणि नाना, आयुष्यभर ज्या खिडकीत बसले त्या खिडकीतलं उत्तर देऊन मोकळे झाले, "सांगेल शे. निघनी ती. येईच राहिनी."

निघाली म्हटलं की माणूस बसून राहतो. गोलू बसून राहिला. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसला आणि फाट्यावरून येणारी प्रत्येक गाडी बघत राहिला. दुपारची आली, तिसऱ्या प्रहराची आली. शेजारच्या बाया येत, विचारत, आणि आक्का सांगत, निघाली म्हणे, सांगितलंय तिला. शेवटच्या गाडीने मनीषा खरंच आली, तोवर सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं की पोराचा हात मोडल्याचं कळूनही ही आई पेपरला बसली. आणि गोलू तिच्याकडे पाठ करून झोपला. आईने हात लावला की खांदा काढून घ्यायचा. कितीतरी दिवस.

सोय केली म्हणे.

मनीषा पास झाली. पेढे तिने पारोळ्याच्या हाती पाठवले, सगळ्यांसाठी. नानांना द्या असं म्हणाली नाही, देऊ नका असंही म्हणाली नाही. पारोळ्याने एक पेढा खिडकीत ठेवला. नानांनी तो खाल्लाही नाही आणि टाकलाही नाही. दोन दिवसांनी मुंग्या लागल्या तेव्हा त्यांच्या बायकोने तो उचलला.

त्यानंतर एका रविवारी नाना तिच्या गावी गेले. ओट्यावर बसले आणि शेजारच्या बायांना बोलवा म्हणाले. बाया आल्या. माईकशिवाय ज्यांना बोलता येत नसे ते नाना हळू आवाजात म्हणाले, "तिले मी सांगंच नही. पोऱ्या पडना ते तिले माहीतच नव्हतं. मी तिले बी खोटं बोलनू, तुम्हले बी खोटं बोलनू."

आक्का म्हणाल्या, "बठ्ठी जिंदगी खिडकीमा बशीसन लोकेसले खोटं सांगं तू. पगार बी त्यानाच खादा." आणि मग आत जाऊन चहा टाकला, असं मनीषा सांगते. चहात मीठ होतं का, ते मी तिला विचारलं नाही. तिला हसू आलं असतं की नाही, सांगता येत नाही. ती स्वतः त्या वेळी मागच्या दारी होती. ती पुढे आली नाही.

अभ्यासिकेत नानांनी नियम बदलला. फोन वाजला की ते माईकवरून सांगू लागले, "साक्री, घरून फोन आहे. आई रडतेय. थांबायचं का, तुझं तू ठरव." दर अर्ध्या तासाला कोणाचं तरी नाव. लक्ष कसलं लागतंय? पोरं वैतागली. मोठ्या रस्त्यावर तेव्हाच एक नवी अभ्यासिका निघाली होती, थंड हवा, भिंतींवर सिंह आणि गरुडांची चित्रं, खाली इंग्रजीत काहीतरी. अर्धी पोरं तिकडे गेली. "जाऊ द्या," नाना म्हणाले. "सिंह बघून पास होणार असतील तर सर्कशीतला झाडूवाला कलेक्टर झाला असता." तुच्छता कमी झालेली नव्हती. पण संध्याकाळच्या रांगेत आता शेवटचं पोरगं गेलं की ते स्वतःलाही विचारायचे, आज गाडी कुठे थांबली. उत्तर मोठ्याने देत नसत.

जळगावचं प्रशिक्षण आटोपून, प्रमाणपत्र पिशवीत घालून, मी वाट वाकडी करून धुळ्याला उतरलो. कोटवाल्याचा किस्सा नानांना सांगायचा होता. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वर सात-आठ पोरं, त्यातला एक उघड उघड पेंगत होता. नाना खिडकीत होते, आणखी वाळलेले. मी किस्सा सांगितला. नाना म्हणाले, "माकड कोणतं, पडद्यावरचं की कोटातलं?" आणि त्यांना पुढे काही म्हणायचं होतं, तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या खिशातला फोन वाजला.

मला वाटलं आता खेकसतील. त्यांनी फोन काढला, नंबर पाहिला आणि लगबगीने रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. "चौकशी," म्हणाले, पण नाकातून नाही.

"नाना, मन्ही माय निघनी का?" पलीकडून एका पोराचा आवाज आला.

मनीषा आता रोज धुळ्याच्या ऑफिसातून गावी जाते, आणि तिची गाडी नानांच्या घरासमोरच्या थांब्यावर लागते. हा फोन रोजचा आहे, हे मला नानांच्या बायकोने नंतर खालच्या दाराशी सांगितलं. नंबर आक्का लावून देतात. गाड्यांचं सगळं नानांना माहीत असतं, असं त्या पोराच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. मनीषालाही हे ठाऊक आहे. तिने ते बंद केलेलं नाही. पण थांब्यावर उभी असते तेव्हा ती वर बघत नाही.

मी नानांच्या खांद्यावरून पाहिलं. खाली, रस्त्यापलीकडे ती उभी होती, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, तोंड गाडी येते त्या बाजूला.

"नही रे भो," नाना फोनमध्ये म्हणाले. "आजून नही निघनी."

पोराने काहीतरी विचारलं.

"गाडीच ऊनी नही. मनीषा थांबावर उभी शे. माले दिसी राहिनी. तू जेवी घे, तवलगून मी देखस."

त्यांनी फोन ठेवला नाही. आतमध्ये कपाटातला एक फोन वाजू लागला, वाजून वाजून थांबला, नानांनी मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने गाडी आली. बाया चढल्या, शाळेची पोरं चढली, मनीषा पिशवी सावरत चढली. दार बंद झालं. तरी नाना काही बोलले नाहीत. गाडी हलली, रस्त्याला लागली, वळणाआड गेली, तोवर ते काचेला कपाळ लावून बघत राहिले.

"आते," ते फोनमध्ये म्हणाले, "आते निघनी."